आखलेला आहाराचा तक्ता बुधवारीच मोडतो, काय करावे?

प्रश्न

नोकरी सांभाळून घरचा दोन्ही वेळचा स्वयंपाक मी एकटीच करते. तीन महिन्यांपूर्वी सकस खाण्याचा निश्चय करून सात दिवसांचा तक्ता आखला, त्याप्रमाणे रविवारी भाजीही आणू लागले. पण बहुतेक आठवड्यांत बुधवार उजाडेपर्यंत तो मोडलेला असतो. गेल्या शनिवारी फ्रिजचा खालचा खण उघडला, तर पालेभाजीची जुडी पिशवीतच काळी पडून तिला पाणी सुटले होते, आणि ओट्यावर मात्र बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे होते. मग आता बिघडलेच आहे, असे म्हणत पुढचे दोन दिवसही तसेच जातात. तक्ता अधिक काटेकोर करावा, की अपेक्षाच कमी कराव्यात?

प्रतिसाद 1

दोन्ही नको. तक्ता पदार्थांचा असतो आणि तो रविवारच्या उत्साहात लिहिलेला असतो. बुधवारी संध्याकाळी दमून घरी येणाऱ्या व्यक्तीला त्यात कोणी विचारलेलेच नसते. मी पदार्थ ठरवणे सोडले आणि आठवड्यातून दोनदा फक्त तयारी करू लागले : एखादे कडधान्य भिजवून शिजवायचे, दोन भाज्या चिरून ठेवायच्या, कांदा-टोमॅटो परतून एक डबा भरायचा. मग त्याच हरभऱ्यांचे एक दिवस कालवण होते, तर दुसऱ्या दिवशी ते काकडी आणि लिंबाबरोबर नुसतेच खाल्ले जातात. लिंबाचा आणखी एक फायदा म्हणजे त्यातील क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

पालेभाजी सडते ती ओलाव्याने. आणल्या दिवशीच निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा आणि पहिल्या दोन दिवसांत संपवा. कोबी, गाजर आणि भोपळा मागे ठेवले तरी चालतात. गोठवलेले मटार वापरायला संकोच वाटू देऊ नका. काढणीनंतर लगेच उकळत्या पाण्यातून काढून ते गोठवलेले असतात, त्यामुळे त्यांतील जीवनसत्त्वे बरीच टिकतात, आणि पाच दिवस फ्रिजमध्ये मलूल होत पडलेली भाजी केवळ ‘ताजी’ म्हणून आणली होती एवढ्याने त्यांच्यापेक्षा सरस ठरत नाही.

प्रतिसाद 2

वरील पद्धत मीही वापरतो, फक्त शिजवलेले अन्न, विशेषतः भात, तासन् तास ओट्यावर ठेवू नये. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात आणि त्याचे एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.

प्रतिसाद 3

मला वाटते की हिशेब जेवणागणिक न करता आठवड्याचा करावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या आणि 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते; एखाद्या दिवशी हे जमले नाही म्हणून कोणी आजारी पडत नाही. मात्र तेल मोजून घ्या. एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात आणि बाटलीतून थेट ओतताना दोन चमचे कधी पडतात ते कळतही नाही (मी एकदा मोजून पाहिले आणि ओशाळलो). ते पूर्ण वगळणे हाही शहाणपणा नव्हे, कारण गाजरातील बीटा-कॅरोटीन शोषले जाण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतोच.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. तक्ता काढून त्या जागी ‘आधी काय संपवायचे’ एवढीच तीन नावांची चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे. काल मटार, उरलेला भात आणि अंडी यांवर वीस मिनिटांत जेवण झाले. एक शंका राहिली : शिजवलेले हरभरे गोठवायचे असतील, तर ते पाण्यासकट ठेवावेत की निथळून?

प्रतिसाद 1

कालवणासाठी हवे असतील तर पाण्यासकट, नुसते खायचे असतील तर निथळून. पाणी गोठताना फुगते, म्हणून डब्यात वर बोटभर जागा सोडा आणि झाकणावर तारीख लिहा. महिनाभराने कोणता डबा कशाचा, हे आठवत नाही.