‘बंद करा’ म्हणजे नेमकं काय करा? क्लाउड सर्व्हरच्या पोर्टलवरचे शब्द

प्रश्न

आमच्या संस्थेचे सर्व्हर आता क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर आहेत. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसाठी पोर्टल वापरण्याच्या सूचना मराठीत लिहून काढतेय. पोर्टलवर स्टॉप, रीबूट, डीअलोकेट, टर्मिनेट, डिलीट अशी बटणं आहेत. माझ्या मसुद्यात तीन वेगळ्या बटणांसाठी ‘सर्व्हर बंद करा’ असंच लिहिलं गेलंय. वेगळे आणि चटकन कळणारे शब्द सुचवाल का? ‘स्थगित’, ‘समापन’, ‘विनियोजन रद्द’ असे शब्द वापरले तर कुणी वाचणार नाही.

उत्तर

अडचण ‘बंद’ या शब्दातच आहे. ‘दुकान बंद आहे’ म्हटलं तर ते दुपारपुरतं मिटलंय की कायमचं गुंडाळलंय, हे आपल्याला आजूबाजूच्या बोलण्यावरून कळतं. बटणाला आजूबाजूचं बोलणं नसतं. म्हणून शब्द ठरवण्याआधी प्रत्येक बटणाला दोन गोष्टी विचारायच्या: दाबल्यावर मागे काय उरतं, आणि आकारणी कशाची चालू राहते? शब्दकोश उघडायचा तो त्यानंतर.

ॲमेझॉनच्या ईसी२ या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या सेवेपासून सुरुवात करू. ही सेवा २००६ साली आली आणि तिथले बरेच शब्द पुढे सगळीकडे रूढ झाले. तिथे ‘स्टॉप’ केलं की चालत्या यंत्राची आकारणी थांबते, पण त्याला जोडलेली डिस्क जशीच्या तशी राहते आणि तिचे पैसे लागत राहतात. पुन्हा सुरू केल्यावर सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर सर्व्हर ज्या क्रमांकाने सापडतो तो) बहुतेक वेळा नवा मिळतो. राखीव पत्ता जोडून ठेवलेला असेल तरच जुना टिकतो. ‘रीबूट’मध्ये यातलं काहीच बदलत नाही, पत्ताही तोच. ‘टर्मिनेट’ केलं की मात्र ते यंत्र गेलं. नेहमीच्या मांडणीत मूळ डिस्कही त्याच्याबरोबर पुसली जाते आणि परत आणण्याची सोय नसते. गोंधळात भर म्हणजे टर्मिनेट केलेलं यंत्र थोडा वेळ यादीत दिसत राहतं. ‘बंद’ एवढंच शिकवलेला माणूस तिथे ‘स्टार्ट’चं बटण शोधत बसणार.

म्हणून स्टॉपला थांबवणे, रीबूटला पुन्हा सुरू करणे आणि टर्मिनेटला कायमचे काढून टाकणे असं लिहावं. तिसऱ्यातला ‘कायमचे’ गाळू नका, बटणाचं नाव लांबलं तरी चालेल. ॲमेझॉनच्या कन्सोलवरसुद्धा (त्यांच्या पोर्टलचं नाव) आता ‘टर्मिनेट’पुढे कंसात ‘डिलीट’ लिहिलेलं दिसतं. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्यांनाही तो शब्द पुरेसा स्पष्ट वाटत नव्हता.

सरकारी मराठीत करार किंवा सेवा ‘संपुष्टात आणणे’ असतं आणि अर्थाने ते टर्मिनेटच्या अगदी जवळ आहे. पण पहाटे तीन वाजता डोळे चोळत पोर्टल उघडणाऱ्यासाठी ते मी लिहिणार नाही. ‘मोडीत काढणे’ ऐकायला छान आहे, पण मोडीत निघालेल्या वस्तूची निदान भंगाराची किंमत येते. इथे काहीच उरत नाही. ‘विसर्जित करणे’ विधानसभेला शोभतं.

आता मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउडकडे येऊ. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अझुरमध्ये थांबलेल्या यंत्राच्या दोन स्थिती आहेत. यंत्रात लॉगिन करून आतून शटडाउन केलं, तर पोर्टलवर नुसतं ‘स्टॉप्ड’ दिसतं आणि यंत्राची आकारणी चालूच राहते, कारण तुमच्यासाठी अडवलेली जागा तुम्ही सोडलेली नसते. पोर्टलवरचं स्टॉप बटण वापरलं, तर ‘स्टॉप्ड’पुढे कंसात ‘डीअलोकेटेड’ येतं. मग यंत्राची आकारणी थांबते, डिस्कची मात्र उरते. फरक भाड्याच्या खोलीसारखा आहे: खोलीला कुलूप लावून गावी गेलात तर भाडं भरावंच लागतं, ताबा सोडलात तर नाही. इथे आपल्याकडे नेमका आणि सगळ्यांना माहीत असलेला शब्द आहे, तो म्हणजे ‘ताबा’. सातबारा, घरभाडं, कोर्टकचेरी यांमुळे तो खेड्यापाड्यांतही कळतो. डीअलोकेटसाठी थांबवून ताबा सोडणे असं लिहा. ‘विनियोजन’च्या वाटेला जाऊ नका. ताबा सोडताना डिस्क आपलीच राहते, हे वाक्य मात्र शेजारीच लिहा, नाहीतर माणूस बटण दाबायलाच घाबरेल. तात्पुरत्या डिस्कवरचं काही असेल तर ते जातं आणि पत्ता स्थिर केलेला नसेल तर तोही बदलतो, हेही सांगावं लागेल.

गूगलच्या कंप्यूट इंजिन या तशाच सेवेत वेगळाच पेच आहे. तिथे नुसत्या थांबवलेल्या यंत्राची स्थिती एपीआयमध्ये (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायची सोय) ‘टर्मिनेटेड’ या नावाने येत आली आहे. ते यंत्र पुन्हा सुरू करता येतं. शब्द एकच, पण ॲमेझॉनकडे त्याचा अर्थ ‘गेलं’ आणि गूगलकडे ‘थांबलंय’. मुळातल्या इंग्रजी शब्दाला धरून मराठी शब्द ठेवायचा नसतो, हे मी एवढ्या आग्रहाने सांगतोय ते यासाठी. ‘टर्मिनेट म्हणजे समाप्त’ असा तक्ता करून तुम्ही सगळ्या पोर्टलांना लावलात, तर त्यातला एक अर्थ हमखास चुकणार.

डिजिटलओशन या क्लाउड कंपनीकडे आणखी निराळं आहे. तिथल्या यंत्राला ते ‘ड्रॉपलेट’ म्हणतात. ‘पॉवर ऑफ’ केलेल्या ड्रॉपलेटचेही पैसे लागतात, कारण डिस्क, मेमरी, प्रोसेसर आणि पत्ता तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो. आकारणी थांबवायची तर ‘डिस्ट्रॉय’. म्हणून पॉवर ऑफला ‘थांबवणे’ म्हणताना ‘पैसे चालू’ अशी टीप हवी.

तुमच्या तक्त्यात बटणाचं इंग्रजी नाव देवनागरीत तसंच ठेवा, कारण कर्मचाऱ्याला पडद्यावर तेच दिसणार आहे. त्याच्यापुढे मराठी क्रियापद आणि त्यापुढे मागे काय उरतं ते, एवढं असलं की झालं.

शंका

हे सगळं क्रियापदांचं झालं. पण ‘इन्स्टन्स’चं काय? आमच्याकडे एका भाषांतरात ‘उदाहरण सुरू करा’ असं आलं होतं. दुसऱ्या ठिकाणी ‘दृष्टांत’ वाचलं.

उत्तर

‘दृष्टांत’ म्हटल्यावर मराठी माणसाला कीर्तन आठवणार किंवा स्वप्नात आलेला देव. ‘उदाहरण’ही चुकीचंच. इन्स्टन्सचा इथला अर्थ आहे एका साच्यातून तयार केलेलं एक स्वतंत्र, चालतं यंत्र. मोजायचं असेल तेव्हा आपल्याकडे ‘नग’ आहे. ‘या प्रकारचे पाच नग चालू आहेत’ हे कुठल्याही गोदामातल्या माणसाला कळतं आणि इन्स्टन्समधला ‘एकेक सुटा’ हा भाव त्यात नेमका येतो. तरीही मी तो शब्द लादणार नाही. नामाच्या बाबतीत लोकांनी आधीच निवड केलेली आहे: बोलताना सगळे ‘सर्व्हर’, ‘मशीन’ किंवा ‘व्हीएम’ (व्हर्च्युअल मशीन) म्हणतात. ‘इन्स्टन्स’ फक्त पडद्यावर वाचतात.

व्याकरणाचं मात्र ठरवून टाका. सर्व्हर पुल्लिंगी झालाय: तो सर्व्हर पडला, तो उभा केला. मशीनचं लिंग माणसागणिक बदलतं, ‘ती मशीन’ आणि ‘ते मशीन’ दोन्ही ऐकू येतात. एका कागदात एकच ठेवा. इन्स्टन्स मी पुल्लिंगी धरतो. आणि अनेकवचनात ‘सर्व्हर्स’, ‘इन्स्टन्सेस’ लिहू नका. एक दगड, दोन दगड, तसाच एक सर्व्हर, दोन सर्व्हर. मराठीत आलेला शब्द मराठीच्या नियमाने चालू द्यावा.

तुमच्या टीमच्या तोंडचे शब्दही कागदावर घ्यायला हरकत नाही. लाँच किंवा क्रिएटसाठी ‘सर्व्हर उभा करणे’ लोक आपण होऊन म्हणतात आणि ते फार चांगलं आहे. ‘कोड वर चढवला’ तसंच. फक्त ‘उडवणे’ आणि ‘उडणे’ टाळा. ‘रात्री सर्व्हर उडाला’ म्हणजे तो कोसळला की कुणी तो पुसला, हे सकाळच्या पाळीला कळायला हवं. आपोआप पडला तर ‘कोसळला’, माणसाने पुसला तर ‘काढून टाकला’.

आणखी एक शंका

आतून शटडाउन केलं तर ॲमेझॉनवरही पैसे चालू राहतात का? आणि ‘टर्मिनेशन प्रोटेक्शन’ला, म्हणजे चुकून टर्मिनेट होऊ नये म्हणून असलेल्या सेटिंगला, काय म्हणू?

उत्तर

नाही. ईसी२ वर आतून शटडाउन केलं की नेहमीच्या मांडणीत ते ‘स्टॉप’ धरलं जातं आणि यंत्राची आकारणी थांबते. पण एक सेटिंग असं आहे की आतून शटडाउन केल्यावर थांबवायचं की काढून टाकायचं, ते आधी निवडता येतं. कुणी दुसरा पर्याय निवडून ठेवला असेल, तर आतला साधा शटडाउन यंत्र कायमचं घेऊन जातो, आणि टर्मिनेशन प्रोटेक्शन चालू असलं तरी हा रस्ता अडत नाही. म्हणून त्याला ‘संरक्षण’ म्हणू नये, ऐकणाऱ्याला वाटतं आता काहीच होणार नाही. काढून टाकण्यावर अटकाव असं म्हणा. अटकाव हा एका रस्त्यावर असतो, दुसरा मोकळा असू शकतो.

याच ओघात, ऑटो स्केलिंगच्या (गरजेप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवणाऱ्या-कमी करणाऱ्या) गटातला सर्व्हर हाताने थांबवू नका, अशी ओळ सूचनांत ठळक घाला. गट त्याला आजारी समजतो, काढून टाकतो आणि जागी नवा उभा करतो. ‘थांबवणे’ हा शब्द बरोबर वापरूनही तिथे परिणाम ‘काढून टाकणे’ असाच होतो.

भर

नावांचं भाषांतर करण्याबद्दल सावध करावंसं वाटतं. अझुरवर भारतातले रीजन, म्हणजे सर्व्हर जिथे ठेवायचे ती ठिकाणं, निवडताना ‘सेंट्रल इंडिया’, ‘साउथ इंडिया’, ‘वेस्ट इंडिया’ अशी नावं दिसतात. कुणी हौसेने ‘मध्य भारत’ लिहिलं की आपल्याला नागपूर, जबलपूर आठवतं. प्रत्यक्षात सेंट्रल इंडिया म्हणजे पुणे, वेस्ट इंडिया म्हणजे मुंबई आणि साउथ इंडिया म्हणजे चेन्नई. नागपूरचा रीजनही आहे, पण त्याचं नाव ‘जिओ इंडिया सेंट्रल’. त्यामुळे नाव तसंच ठेवावं आणि पुढे शहर लिहावं. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत रीजन सुरू केले आणि त्यांची नावं शहरांवरूनच ठेवली, तिथे हा प्रश्न येत नाही.

उत्तर

सहमत. रीजनला ‘विभाग’ म्हणण्यालाही माझा विरोध आहे. महाराष्ट्रात विभाग म्हटलं की कोकण, पुणे, नाशिक असे महसुली विभाग डोळ्यांपुढे येतात, आणि कचेरीत विभाग म्हणजे खातं. ‘रीजन’ आणि ‘झोन’ तसेच राहू द्या. झोनचा अर्थ एकदा सांगितला की पुरे: एकाच रीजनमधली, एकमेकींपासून वेगळी ठेवलेली डेटा सेंटर, म्हणजे एकीची वीज गेली तरी दुसरी चालू राहावी.

‘क्लाउड’ला मेघ म्हणावं का, हा वाद आता फारसा उरलेला नाही. केंद्र सरकारने आपल्या क्लाउडचं नाव ‘मेघराज’ ठेवलं, एनआयसीने (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) २०१४ पासून तो चालवला, आणि सरकारी कार्यालयांत ते नाव चांगलं रुळलं. पण विशेषनाम म्हणून. सामान्यनाम ‘क्लाउड’च राहिलं.

शेवटची शंका

स्नॅपशॉट आणि इमेज? सध्या ‘क्षणचित्र’ आणि ‘प्रतिमा’ लिहिलंय.

उत्तर

दोन्ही बदला. ‘क्षणचित्रे’ वर्तमानपत्रात संमेलनाच्या बातमीशेजारी येतात. ‘प्रतिमा’ वाचून माणूस फोटो शोधेल. इमेज म्हणजे ज्यातून नवा सर्व्हर उभा करता येतो तो साचा. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, तेव्हा ‘स्नॅपशॉट’ हेच ठेवून पुढे डिस्कची त्या वेळची प्रत लिहा. ॲमेझॉनवर पहिला स्नॅपशॉट डिस्कवरच्या सगळ्या डेटाचा असतो आणि पुढच्यांत फक्त बदललेला भाग साठतो. तरी जुना पुसला म्हणून नवा अपुरा होत नाही, कारण नव्याला लागणारा भाग राखला जातो. हे सूचनांत असू द्या. जुने पुसले तर नवे बिघडतील या भीतीने लोक एकही स्नॅपशॉट पुसत नाहीत आणि त्यांचे पैसे महिनोन्‌महिने भरत राहतात.

आणि ‘डिलीट स्नॅपशॉट’पुढेही ‘कायमचे काढून टाकणे’ हेच लिहा, टर्मिनेटला लिहिलं तेच. ज्याचा परिणाम सारखा, त्याला शब्दही तोच असावा, मग पोर्टलवर इंग्रजी काहीही असो.