निखाऱ्यावरच्या तिखट कोंबडीसोबत आयपीए नको, गव्हाची बिअर हवी : आपले मत काय?

मुळशीकर : गेल्या शनिवारी आम्ही सहा मित्र मुळशीजवळ एका शेतावर जमलो होतो. कोंबडीच्या तंगड्या आदल्या रात्री दही, आले-लसूण आणि कांदा-लसूण मसाल्यात मुरवून ठेवल्या होत्या, आणि पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीतून, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यातून, आयपीए (इंडिया पेल एल) आणि गव्हाची हेफेवायझेन अशा दोन बिअर ग्राऊलरमध्ये, म्हणजे बिअर नेण्याच्या मोठ्या बाटल्यांत, भरून आणल्या होत्या. कोळशावर राखेचा करडा थर धरल्यावरच जाळी चढवली. पहिला घास आयपीएसोबत घेतला आणि दोन घोटांत जिभेवर नुसती आग उरली. मसाल्यातले धणे, खोबरे, लवंग यांपैकी काहीही कळेना. मग त्याच तंगडीसोबत हेफेवायझेन घेतली, तेव्हा मांसाला लागलेला धूर आणि दह्याची आंबटसर चव दोन्ही परत सापडली.

याला कारण आहे. आयपीएमध्ये हॉप्स या फुलांचा कडवटपणा भरपूर असतो आणि मद्याचे प्रमाणही बहुधा जास्त असते. मद्यामुळे मिरचीचा दाह जाणवणाऱ्या जिभेवरच्या संवेदना आणखी तीव्र होतात. हेफेवायझेन मात्र फारशी कडू नसते, आणि तिच्यातला केळ्याचा व लवंगेचा वास बाहेरून काही न घालता केवळ यीस्टमुळे येतो. आपल्या मसाल्यात लवंग असतेच, त्यामुळे ही बिअर आपल्या जेवणाशी आपसूक जुळते. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून आपल्याला ताजी बिअर मिळू लागली. पण क्राफ्ट बिअर, म्हणजे अशी छोट्या प्रमाणावर बनवलेली बिअर, म्हणजे आयपीएच हे समीकरण मित्रमंडळींत इतके रुजले आहे की समोर काय भाजले जात आहे याचा विचारच होत नाही. माझे स्पष्ट मत असे की तिखट भाजलेल्या मांसासोबत आयपीए मागवणे म्हणजे बिअर आणि मांस दोन्ही वाया घालवणे होय.

अलिबागकर : मला मूळ प्रश्नच मान्य नाही. आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डा या उग्र वासाच्या रानवनस्पतीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, आणि तोंडाशी पुन्हा पाला दाबून ते मडके उपडे ठेवायचे व भोवती जाळ करायचा. पाण्याचा किंवा तेलाचा थेंबही लागत नाही. मडक्यावर पाणी शिंपडले आणि ते चर्र करून उडाले की पोपटी झाली असे समजायचे. मडके फोडल्यावर भांबुर्ड्याचा जो उग्र, ओला वास येतो, त्यासाठीच माणसे दोन तास शेकोटीभोवती बसलेली असतात. त्या वासाशेजारी केळ्या-लवंगेचा वास आणून ठेवण्याची गरज काय? आणि तिखटाचाच प्रश्न असेल तर उत्तर सोलकढी आहे. मिरचीचा दाह करणारा घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. नारळाच्या दुधाने जे होते ते कोणत्याही बिअरने होणार नाही.

डोंबिवलीकर : मुळशीकर आयपीएला विनाकारण दोषी ठरवत आहेत. दोष मसाल्याचा आहे. कांदा-लसूण मसाल्यात रात्रभर मुरवलेले मांस निखाऱ्यावर ठेवले की मसाला आधी करपतो आणि मांस नंतर शिजते. मग करपलेल्या मिरचीचा कडूपणा बिअरच्या नावावर जमा होतो. मी गेल्या महिन्यात गोव्याहून आणलेल्या चोरीसाच्या (डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजच्या) माळा निखाऱ्यांपासून जरा बाजूला, मंद धगीवर भाजल्या. चरबी सुटून जाळीवर टपकत होती, आणि त्या चरबीने जिभेवर जो साय धरल्यासारखा थर येतो, तो आयपीएचा कडवटपणाच स्वच्छ धुऊन नेतो. हेफेवायझेन तिथे गोडसर आणि मिळमिळीत लागली. केवळ मीठ, मिरी आणि लिंबू लावलेल्या बकऱ्याच्या चापांसोबत तर मी काळी पोर्टर घेईन, कारण भाजलेल्या जवाची खमंग चव आणि मांसाच्या कडेला धरलेला तपकिरी खरपूसपणा ही एकाच जातीची चव आहे. जर्मनीतल्या बांबेर्गमध्ये तर बीच झाडाच्या लाकडावर वाळवलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या जवाची, धुरकट बिअर करतात. धुराला धूर जोडण्याची ही कल्पना आपल्या मायक्रोब्रुअरींनी जरूर उचलावी. सारांश, एकच बिअर भाजलेल्या सर्व पदार्थांना चालते हे म्हणणे मला पटत नाही.

म्युनिकवासी : मी अकरा वर्षे जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात राहतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. इथल्या बिअर गार्डनमध्ये घरचे खाणे नेण्याची मुभा आहे. १८१२ मध्ये राजाने बिअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरांवरच्या बागांत बिअर विकायला परवानगी दिली, पण ब्रेडखेरीज खाणे विकू दिले नाही, त्यामुळे लोक डबे घेऊन येऊ लागले आणि ती रीत आजही टिकली आहे. चेस्टनटच्या सावलीत लांब बाकांवर अनोळखी माणसे शेजारी बसतात, समोर साध्या हेलेस बिअरचा लिटरभराचा मग असतो, आणि कोणत्या घोटात कोणता वास आला याची चर्चा मी क्वचितच ऐकली आहे. मुळशीकरांच्या लेखात सहा मित्र आहेत, पण त्यांच्यात काय बोलणे झाले याचा एक शब्द नाही. बिअर इतकी लक्ष वेधून घेऊ लागली, तर ती मैफिलीच्या आड येते, असे मला मनापासून वाटते.

कोथरूडकर : माझा मुद्दा छोटा आहे. मुळशीहून परतताना गाडी कोण चालवत होते? रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही आपल्याकडची कायदेशीर मर्यादा आहे, आणि ती ओलांडायला फार बिअर लागत नाही. आमच्या गटात चालक मीच असतो. चवीच्या या चर्चेत माझ्या पेल्यात काय असावे याचा विचार कोणी केलेला नाही. अलिबागकरांची सोलकढी एवढीच काय ती माझ्या बाजूची.

मुळशीकर : कोथरूडकर, आम्ही शेतावरच मुक्काम केला होता आणि रविवारी दुपारी निघालो, हे आधीच लिहायला हवे होते. सोलकढीचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. डोंबिवलीकरांचे करपलेल्या मसाल्याविषयीचे निरीक्षणही बरोबर आहे. आमच्या तंगड्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या, आणि निखारे एका बाजूला सारून मांस दुसऱ्या बाजूला ठेवले असते तर ते टळले असते. चोरीसासोबत आयपीए मी अवश्य घेऊन पाहीन. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मुरवणात तिखट पडतेच, आणि त्या तिखटापुढे आयपीए हरते, या मतावर मी ठाम आहे.

म्युनिकवासींचे बोलणे मात्र मनाला लागले. त्या रात्री आमच्यातल्या एकाने नोकरी सोडून गावी शेती करायचे ठरवल्याचे सांगितले होते, आणि हेफेवायझेनचा दुसरा ग्राऊलर संपेपर्यंत आम्ही त्याच्या विहिरीला पाणी किती आहे यावरच बोलत होतो. माझ्या लेखात ते आले नाही, कारण मी बिअरविषयी लिहायला बसलो होतो. थंडी पडली की आम्ही त्याच्याच शेतावर जाणार आहोत. अलिबागकरांनी भांबुर्ड्याचा पाला सुकू न देता दोन दिवस कसा टिकवावा हे कृपया कळवावे, कारण आमच्या बाजूला तो सहज मिळत नाही.