जुनी ध्वनियंत्रे ऑनलाइन घेतल्यावर सदोष निघाली, तर वाद कसा मिटला? आपले अनुभव लिहावेत

एका जुन्या ॲम्प्लिफायरच्या खरेदीवरून सुरू झालेला माझा वाद दीड महिन्यानंतर नुकताच मिटला. त्या काळात इतरांनी अशा वेळी काय केले हे शोधताना मला तक्रारी पुष्कळ सापडल्या, परंतु तक्रारीचे पुढे नेमके काय झाले हे फार थोड्यांनी लिहिलेले दिसले. म्हणून हा धागा काढत आहे. वस्तू कोणती होती, दोष कसा लक्षात आला, विक्रेत्याशी काय बोलणे झाले आणि शेवटी पैसे परत मिळाले, दुरुस्ती झाली की नुसता मनस्ताप पदरात पडला, हे कृपया सविस्तर लिहावे. विक्रेत्यांनीही आपली बाजू अवश्य मांडावी. विक्रेत्याचे अथवा संकेतस्थळाचे नाव मात्र कोणी लिहू नये, कारण कोणाची बदनामी करणे हा येथे हेतू नाही.

सुरुवात माझ्यापासून करतो. ॲम्प्लिफायरच्या वर्णनात ‘तपासलेला, उत्तम चालू स्थितीत’ असे लिहिले होते. पहिल्या संध्याकाळी मी तो मोठ्या आवाजात ऐकला आणि समाधानाने झोपलो. दुसऱ्या रात्री हळू आवाजात ऐकत असताना डाव्या बाजूचा आवाज क्षीण होत होत जवळजवळ नाहीसा झाला, आणि आवाज वाढवताच तो खट्‌कन परत आला. दोष माझ्या स्पीकरमध्ये किंवा तारेत असेल, अशी माझी पहिली समजूत होती. म्हणून ॲम्प्लिफायरच्या मागे दोन्ही स्पीकरच्या तारा एकमेकींच्या जागी लावल्या. स्पीकर किंवा तार बिघडलेली असती तर डावाच स्पीकर गप्प राहिला असता. पण आता उजवा गप्प झाला. मग तीच अदलाबदल सीडी प्लेयरकडून येणाऱ्या तारांची केली, तेव्हा गप्प होणारी बाजू बदलली नाही. म्हणजे स्पीकर निर्दोष, प्लेयरही निर्दोष, दोष मधल्या यंत्रात. या दोन अदलाबदली मी सलग एका चित्रफितीत, मध्ये कोठेही न थांबता, यंत्राचा अनुक्रमांक सुरुवातीला दाखवून टिपल्या, आणि पुढे हीच चित्रफीत माझ्या सर्वाधिक उपयोगी पडली.

विक्रेत्याचे पहिले उत्तर ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालत होता’ एवढेच होते. रागाच्या भरात मी ‘तुम्ही फसवणूक केली आहे’ असे लिहिले होते, परंतु ते पाठवण्याआधी पुसले, आणि त्याऐवजी त्यांनी यंत्र कसे व किती वेळ तपासले होते ते विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, दहा मिनिटे, बऱ्यापैकी मोठ्या आवाजात. उलगडा तेथेच झाला. अनेक ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरला जोडणारा एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो. यंत्र सुरू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो, तो त्याचाच. जुन्या रिलेच्या संपर्कबिंदूंवर ऑक्साइडचा थर चढतो. मोठ्या आवाजात संकेत त्या थरातून वाट काढतो, हळू आवाजात त्याला ते जमत नाही. ते खोटे बोलत नव्हते आणि मीही नाही. यंत्र उघडण्यापूर्वी मी त्यांची लेखी संमती घेतली, तंत्रज्ञाकडून दोषाचे लेखी निदान घेतले, आणि रिले बदलण्याचा सगळा खर्च त्यांनी दिला. दीड महिन्यातला बराचसा काळ परस्परांच्या उत्तरांची वाट पाहण्यातच गेला.

*

धागा काढल्याबद्दल आभार. माझा अनुभव स्पीकरच्या जोडीचा आहे. छायाचित्रांत जाळ्या लावलेल्या होत्या, आणि जाळी काढून फोटो मागण्याचे मला सुचले नाही, ही माझी चूक मी आधीच मान्य करते. घरी आल्यावर जाळी काढली, तेव्हा शंकूच्या, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, कडेची फोमची किनार बोट लागताच भुगा होऊन पडू लागली. पॉलियुरेथेनचा फोम हवेतील दमटपणाने आणि ऑक्सिजनने कालांतराने कुजतोच; पंधरा-वीस वर्षांत हे अनेक स्पीकरच्या वाट्याला येते, मग तो वापरलेला असो वा नसो.

विक्रेत्याचे म्हणणे असे की, वर्णनात ‘वयानुसार वापराच्या खुणा’ असे स्पष्ट लिहिले होते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मी उत्तरात माझ्या निराशेविषयी एक शब्दही लिहिला नाही. त्यांच्याच वर्णनातले दुसरे वाक्य उद्धृत केले : ‘आवाज निर्दोष’. किनार फाटलेला शंकू मध्यावर स्थिर राहत नाही आणि खालच्या स्वरांना फडफडतो, हे दाखवणारे ध्वनिमुद्रण जोडले. वापराची खूण म्हणजे पेटीवरचा ओरखडा; स्पीकरचे कामच थांबवणारी गोष्ट त्यात बसत नाही, एवढेच म्हटले. संकेतस्थळाच्या निवाडा करणाऱ्या विभागाने ते मान्य केले. मला पूर्ण परतावा किंवा नव्या किनारी बसवण्याच्या खर्चाइतका अंशतः परतावा, असे दोन पर्याय मिळाले. मी दुसरा घेतला, कारण जड पेट्या पुन्हा वाहतुकीत पाठवायच्या आणि त्या वाटेत फुटल्या तर नवा वाद ओढवून घ्यायचा, हे मला नको होते.

*

माझ्या प्रकरणाचा निकाल माझ्या विरुद्ध लागला, आणि आज शांतपणे पाहता तो योग्यच होता असे मला वाटते. सीडी प्लेयर तबकडी वाचत नव्हता. मला थोडेफार इलेक्ट्रॉनिक्स येते, म्हणून मी झाकण काढले, लेझरचे भिंग पुसले, सरकणाऱ्या दांड्याला वंगण दिले आणि तरीही तो चालेना, तेव्हा तक्रार केली. विक्रेत्याने केवळ एक प्रश्न विचारला : यंत्र उघडले होते का? मी खरे उत्तर दिले. त्यानंतर मूळ दोष कोणता आणि माझ्या हाताने झालेला कोणता, हे कोणालाही सिद्ध करता येण्यासारखे राहिले नाही. ज्यांना दुरुस्ती येते त्यांना हा मोह अधिक होतो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

*

टर्नटेबलचा, म्हणजे जुन्या तबकड्या (रेकॉर्ड) वाजवणाऱ्या यंत्राचा, अनुभव. आवाज अत्यंत क्षीण, पातळ आणि खालचे स्वर जवळजवळ नाहीतच, अशी मी तक्रार केली आणि सोबत परताव्याची मागणीही नोंदवली. विक्रेत्याने अतिशय संयमाने मला विचारले की, टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या कोणत्या सॉकेटला जोडले आहे. मी ते सीडीच्या सॉकेटला जोडले होते. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या, तिच्या हालचालीचा विद्युत संकेत करणाऱ्या भागातून) साधारण 5 मिलिव्होल्ट इतकाच संकेत निघतो, तर सीडी प्लेयरकडून तो 2 व्होल्टपर्यंत येतो. शिवाय तबकडीवर ध्वनी कोरताना खालचे स्वर ठरावीक प्रमाणात दबवलेले आणि वरचे उचललेले असतात, ते पूर्ववत करण्याचे काम फोनो प्रीॲम्प करतो. तो माझ्याकडे नव्हताच. मी तक्रार त्याच दिवशी मागे घेतली आणि लेखी क्षमा मागितली. त्या गृहस्थांच्या नावावर माझ्या अज्ञानामुळे एक तक्रार लागली होती, याचे मला आजही वाईट वाटते. धागाकर्त्यांनी सांगितलेली तारांच्या अदलाबदलीची परीक्षा जितकी महत्त्वाची, तितकेच आपली जोडणी एखाद्या जाणकाराला आधी दाखवणेही महत्त्वाचे आहे.

*

मी अधूनमधून विकतो, म्हणून विक्रेत्याच्या बाजूने लिहितो.

एका खरेदीदाराने माझा कॅसेट रिसीव्हर ‘एक बाजू बंद’ म्हणून परत पाठवला. मी परतावा लगेच मान्य केला होता. खोके उघडल्यावर मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक माझ्या नोंदीशी जुळला, पण आतील एक सर्किट बोर्ड माझ्या यंत्रातला नव्हता. मी पाठवण्यापूर्वी आतील भागांचे फोटो काढून ठेवले होते आणि त्यातल्या सोल्डरच्या खुणा वेगळ्या होत्या. हे फोटो दिनांकासह सादर केल्यावर निर्णय माझ्या बाजूने झाला. तेव्हापासून मी प्रत्येक यंत्राचे आतले फोटो काढतो आणि विक्रीच्या मजकुरात तसे लिहूनही टाकतो.

मात्र अशी लबाडी माझ्या वाट्याला एकदाच आली. बाकीच्या चार-पाच वादांत दोष माझ्या शब्दांचा होता. ‘चालू स्थितीत’ याचा अर्थ मला ‘दिवा लागतो आणि आवाज येतो’ असा अभिप्रेत असे, घेणाऱ्याला ‘प्रत्येक बटण आपले काम करते’ असा. आता मी काय तपासले आणि काय तपासलेले नाही, ते लिहितो : रेडिओ तपासला, फोनो तपासलेला नाही कारण टर्नटेबल नाही, आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते. असे लिहिल्याने किंमत थोडी कमी येते, परंतु रात्री-अपरात्री येणारे संतापलेले निरोप थांबले.

बांधणीविषयीही सांगितले पाहिजे. टर्नटेबलची फिरती थाळी आणि टोनआर्मचे (सुई धरणाऱ्या दांड्याचे) प्रतिवजन काढून वेगळे गुंडाळले नाही, तर वाटेतल्या धक्क्यांनी बेअरिंग किंवा सुई जाणारच. मी एकदा हे केले नव्हते. खरेदीदाराने खोके उघडतानाची चित्रफीत पाठवली, त्यात थाळी सैल होऊन टोनआर्मवर आदळलेली स्पष्ट दिसत होती. वाहतूक कंपनीने अपुऱ्या बांधणीचे कारण देऊन भरपाई नाकारली, आणि ते नाकारणे बरोबर होते. नुकसान मी सोसले.

*

वरील प्रतिसादातला परताव्याचा मुद्दा वाचून थोडक्यात लिहिते. माझ्या विक्रेत्याने ‘आधी तक्रार बंद करा, म्हणजे मी लगेच पैसे पाठवतो’ असे गोड शब्दांत सांगितले आणि मी ती बंद केली. बंद केलेली तक्रार त्या संकेतस्थळावर पुन्हा उघडता येत नव्हती. पैसे आले नाहीत. सुदैवाने मी कार्डाने पैसे भरले होते, त्यामुळे बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवता आली आणि तीन महिन्यांनी रक्कम परत मिळाली. आमचे अर्धे संभाषण दूरध्वनीवर झाले होते, त्याचा मात्र काहीच उपयोग झाला नाही. बँकेने फक्त लेखी निरोप विचारात घेतले. पैसे खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याशिवाय तक्रार बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

*

माझा वाद कॅसेट डेकचा, आणि तो ‘सदोष’ या शब्दावरूनच होता. डेक चालत होता, आवाज स्वच्छ होता, पण माझ्या आईने पूर्वी स्वतः गाऊन मुद्रित केलेल्या कॅसेटी त्यावर लावल्या, तेव्हा तिचा आवाज मला किंचित खाली उतरलेला वाटला. विक्रेत्याला तसे कळवले, तर त्यांनी तो माझ्या कानांचा भास ठरवला. त्यांना दोष देता येत नाही. ‘आईचा आवाज वेगळा वाटतो’ हा पुरावा कोणीही मान्य करणार नाही.

म्हणून 3150 हर्ट्‌झचा प्रमाणित स्वर मुद्रित केलेली चाचणी कॅसेट एका परिचितांकडून मिळवली. डेकवर ती वाजवून स्वर संगणकावर मोजला, तर तो 3050 हर्ट्‌झच्या आसपास भरला. म्हणजे फीत सुमारे तीन टक्के सावकाश चालत होती, आणि संगीताच्या भाषेत हा फरक जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या निम्मा), सहज ओळखू येणारा आहे. तीच कॅसेट परिचितांच्या डेकवर वाजवून आलेला योग्य आकडाही सोबत पाठवला, जेणेकरून कॅसेटवर शंका राहू नये.

त्यानंतर विक्रेत्यांच्या बोलण्याचा सूरच बदलला. त्यांनी लिहिले की, डेक कित्येक वर्षे कपाटात पडून होता आणि विकण्यापूर्वी त्यांनी एकच कॅसेट, तीही त्यांना फारशी परिचित नसलेली, लावून पाहिली होती. इतकी वर्षे न फिरलेल्या यंत्रात रबरी पट्टा ताण सोडतो, काही वेळा तर डांबरासारखा चिकट होऊन कप्पीला लपेटतो. आम्ही ठरवले की, पट्टा आणि फीत दाबून पुढे सरकवणारे रबरी चाक बदलण्याचा खर्च त्यांनी द्यायचा आणि तंत्रज्ञाकडे नेण्या-आणण्याचा मी. हे सगळे संकेतस्थळाच्या निरोपांतच लिहून घेतले आणि रक्कम जमा झाल्यावर तक्रार बंद केली.

दुरुस्तीनंतर चाचणीचा स्वर 3148 हर्ट्‌झ आला. तो आकडा मी त्यांना कळवला, आणि त्याच संध्याकाळी आईच्या कॅसेटी एकामागून एक पुन्हा ऐकल्या.