संस्थेच्या नावाने विकिपीडियावर खातं काढलं तर चालतं का?

शब्दवेल: मी एका संस्थेत नोकरी करते. आमच्यावर इंग्रजी विकिपीडियात लेख आहे पण माहिती फार जुनी झालीय, स्थापनेचं सालच चुकीचं आहे. सरांचं म्हणणं की संस्थेच्याच नावाने खातं उघडू, पासवर्ड ऑफिसातल्या तिघांकडे राहील, म्हणजे लपवाछपवी नको, सगळं उघड. मला पटतंय, पण असं खातं ब्लॉक करतात म्हणे. खरं नाव सांगूनही ब्लॉक का?

जुना_संपादक: हो, करतात. तिथे खातं एका माणसाचं असतं. प्रत्येक बदल त्या नावावर इतिहासात राहतो, उद्या कुणी विचारलं हे वाक्य का काढलं तर उत्तर द्यायला एक ठराविक माणूस पाहिजे ना, तिघं मिळून वापरत असाल तर कुणाला धरायचं? आणि नुसतं संस्थेचं नाव म्हणजे प्रचार धरतात. पण 'मीना, अमुक संस्था' अशा धर्तीचं युजरनेम चालतं. जर्मन विकिपीडियावर मात्र संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून पडताळणी करून तिच्या नावाचं खातं चालवता येतं, प्रत्येक भाषेचे नियम वेगळे.

कडूनिंब: वरचं बरोबर आहे पण नुसतं नाव नीट घेतलं म्हणजे सुटलो असं समजू नका, बहुतेक लोक इथेच फसतात. तुम्ही पगारी आहात, म्हणजे हितसंबंध आलेच, युजरनेम काहीही असो. जून २०१४ पासून वापराच्या अटींतच लिहिलंय की पैसे घेऊन संपादन करत असाल तर कोणाकडून, कोणासाठी ते जाहीर करा, सदस्य पानावर (तुमच्या खात्याचं पान) किंवा लेखाच्या चर्चा पानावर (लेखाबद्दल बोलायचं वेगळं पान) किंवा बदलाच्या सारांशात (बदल जतन करताना लिहायची छोटी नोंद). ते केल्यावरही लेखात थेट हात घालू नका, चर्चा पानावर विनंती टाका, अमुक साल चूक आहे, हे घ्या बरोबर साल, हा घ्या संदर्भ. संदर्भ शक्यतो तुमच्या वेबसाईटबाहेरचा द्या. एवढी कटकट उगाच नाहीये, २०१५ मध्ये ऑरेंजमूडी प्रकरणात ३८१ खाती ब्लॉक झाली, लेख टाकून देतो, सांभाळतो म्हणून लोकांकडून पैसे उकळत होते.

शब्दवेल: थँक्यू, माझ्या नावाने काढते. अजून एक, लेखात आमच्या एका जुन्या वादावर परिच्छेद आहे, सरांना तो पण काढायचाय.

कडूनिंब: त्याला अजिबात हात लावू नका. वर्तमानपत्रांच्या बातम्यांचा आधार असेल तर तो राहणार, आणि तुमच्या खात्यावरून उडवला तर कुणीतरी परत आणेल, वर लेखावर हितसंबंधाची पाटी लागेल ती सगळ्यांना दिसेल. त्यातलं एखादं वाक्य खोटं असेल तर तेवढंच दाखवा, पुराव्यासकट, चर्चा पानावर. उत्तराला आठवडे लागू शकतात, सगळे स्वयंसेवक आहेत, तेवढं सरांना आधीच सांगून ठेवा.