मदत हवी आहे: मातीतील स्फुरद (फॉस्फरस) मोजणारे स्वस्त उपकरण – बुडबुडे, कोळसा आणि वैशाखातले तापमान

नमस्कार. आमचे गाव अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट पाण्याच्या व क्षारयुक्त जमिनीच्या भागात आहे. गावातील शेतकरी गटासाठी माती तपासण्याचे स्वस्त उपकरण तयार करण्याचा प्रयत्न मी गेले वर्षभर करीत आहे. माझे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे असून रसायनशास्त्राशी संबंध बारावीपर्यंतचाच, त्यामुळे प्रयोगशाळेत स्वतः माती तपासलेल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

माझी पहिली चूक आधीच सांगतो, म्हणजे तोच उपाय पुन्हा सुचवला जाणार नाही. मातीत खुपसताच नत्र, स्फुरद आणि पालाश असे तीन आकडे दाखवणारा स्टीलच्या टोकांचा सेन्सर ऑनलाइन मिळतो, तो मी मागवला. ओलीत केलेल्या वावरात तिन्ही आकडे एकदम चढत आणि वाफसा येताच एकदम उतरत. शंका आली म्हणून पेलाभर पाण्यात चमचाभर खायचे मीठ विरघळवून त्यात टोके बुडवली, तर तिन्ही अन्नद्रव्ये वाढली! म्हणजे तो सेन्सर केवळ विद्युत वाहकता मोजतो आणि तिच्यावरूनच तीन आकडे काढून देतो. आमच्याकडे मातीतच क्षार असल्यामुळे तो चोपण (क्षारांमुळे बिघडलेल्या) जमिनीलाही सुपीक ठरवील.

नत्रासाठी नायट्रेट मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचाही विचार केला होता. पण त्याला क्लोराइडचा अडथळा होतो, शिवाय एका मिलिव्होल्टची चूक झाली तरी उत्तर सुमारे ४ टक्क्यांनी हलते. पालाश आमच्या काळ्या जमिनीत सहसा पुरेसे असते. उरला स्फुरद, आणि पेरणीच्या वेळी डीएपी या स्फुरदयुक्त खताची गोणी घ्यायची की नाही, हा शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे.

म्हणून आता स्फुरद मोजण्याची प्रयोगशाळेतली ऑल्सेन पद्धत वापरतो. २.५ ग्रॅम माती ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेटच्या ५० मिलि द्रावणात (सामू म्हणजे pH ८.५) अर्धा तास हलवून गाळायची, त्यातले ५ मिलि घेऊन आम्ल, मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घालून २५ मिलि करायचे, आणि स्फुरदामुळे येणारा निळा रंग ८८० नॅनोमीटरच्या एलईडीने व फोटोडायोडने मोजायचा. अडचण अशी की हेक्टरी १० किलो स्फुरद, म्हणजे ‘कमी’ची सीमा, मोजायची तर एक सेंटिमीटरच्या नळीत ॲब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला याचे माप) जेमतेम ०.०३ येतो. आम्ल घालताच द्रावण फसफसते आणि नळीच्या काचेला चिकटलेला एखादा बुडबुडाही तेवढाच फरक पाडतो. नळी उभी ठेवून प्रकाश वरून खाली, पाच सेंटिमीटर द्रावणातून नेला तर संकेत पाचपट होईल हे उघड आहे, परंतु मग तळाशी आणि पृष्ठभागावर साचणाऱ्या बुडबुड्यांचे काय करावे?

दुसरी अडचण रंगाची. गाळलेले द्रावण चहाच्या फिक्या पाण्यासारखे पिवळसर येते आणि आम्लामुळे त्यात गढूळपणा धरतो. हा पिवळेपणा काढायला बाजारातला सक्रिय कोळसा वापरला तेव्हा माती न घातलेले कोरे द्रावणही निळे झाले, म्हणजे स्फुरद कोळशातच होता. कोळसा आम्लाने आणि नंतर बायकार्बोनेटने धुऊन तो निघतो का, की कोळसा सोडून मॉलिब्डेटविना केलेल्या द्रावणाचे वाचन वजा करणे अधिक भरवशाचे आहे?

मात्र सगळ्यात जास्त छळते ते तापमान. नमुने गोळा होतात रब्बीचे पीक निघाल्यावर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, आणि तेव्हा आमच्या खोलीत ४० अंश असतात. पद्धत २५ अंशांसाठी बांधलेली आहे. उष्णतेत स्फुरद अधिक विरघळून येतो आणि ‘कमी’ची जमीन ‘मध्यम’ दिसते. सध्या बाटल्या माठातल्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवून हाताने हलवतो. पाणी २७-२८ अंशांवर राहते, पण अर्ध्या तासात दोनदा बदलावे लागते. त्याऐवजी प्रत्येक घाण्याबरोबर स्फुरद माहीत असलेल्या मातीचा एक नमुना लावून त्याच्या आधारे आकडा सुधारला, तर ती दुरुस्ती चुनखडीच्या आणि बिनचुनखडीच्या अशा दोन्ही मातींना लागू पडेल का? शेतकऱ्याला शेवटी कमी, मध्यम किंवा जास्त एवढेच सांगायचे आहे. तेवढ्यासाठी प्रयोगशाळेच्या अहवालाशी किती नमुने ताडून पाहिले म्हणजे पुरे, हेही कृपया सांगावे.