टीझरला झलक म्हणावं की चुणूक?

मे २०२२ मधली गोष्ट. भाचीला घेऊन कोथरूडच्या एका मल्टिप्लेक्समध्ये वेगळाच चित्रपट बघायला गेलो होतो. तो सुरू व्हायच्या आधी पडद्यावर निळं पाणी आलं आणि सगळं थिएटर एकदम गप्प झालं. ‘अवतार’च्या पुढच्या भागाचा टीझर होता तो. जेमतेम दीड मिनिटाचा, आणि संवाद म्हणाल तर एखादंच वाक्य. पहिला ‘अवतार’ डिसेंबर २००९ मध्ये आला तेव्हा भाची सहा वर्षांची होती. थ्रीडीचा चष्मा तिच्या नाकावर टिकेना, म्हणून अख्खा चित्रपट तिनं तो दोन्ही हातांनी धरून बघितला होता. आता कॉलेजात जाणारी ती मुलगी टीझर संपल्यावर अंधारातच हात माझ्यापुढे करून म्हणाली, “मामा, बघ, गूजबम्प्स!” मागून कुणीतरी शिट्टी मारली. शेजारी बसलेले एक काका मुलाला विचारत होते, “सीक्वेल आहे का रे हा?”

टीझर, सीक्वेल, गूजबम्प्स. दोन मिनिटांत तीन शब्द कानावर पडले आणि तेव्हापासून ते डोक्यात घोळताहेत. इंग्रजी शब्द वापरले म्हणून माझी तक्रार नाही. पण या तिन्ही ठिकाणी मराठीत नेमके आणि चांगले शब्द आहेत, आणि ते वापरात राहावेत असं मला मनापासून वाटतं.

आधी टीझर. वर्तमानपत्रं ‘पहिली झलक’ असं छापतात. झलक हा शब्द हिंदीतून आला म्हणून काही जण तो नको म्हणतात, पण त्याची सख्खी भावंडं आपल्याच घरात आहेत: झळकणं, झळाळी, झळझळीत. जुन्या जाहिरातींत चित्रपट ‘झळकायचे’ आणि आजही चौकाचौकांत शुभेच्छांचे फलक झळकतात. तेव्हा परकेपणाचा मुद्दा मला पटत नाही. अडचण दुसरीच आहे. ट्रेलरलाही आपण झलकच म्हणतो, आणि ट्रेलर वेगळा, टीझर वेगळा. ट्रेलर कथा थोडीफार सांगतो, माणसं ओळखीची करून देतो, संघर्ष कशाचा आहे ते दाखवतो. (ट्रेल म्हणजे मागून येणं. सुरुवातीच्या काळात या जाहिराती मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवत, म्हणून ते नाव पडलं. आता त्या आधी दाखवतात, नाव मात्र तसंच राहिलं.) टीझर कथा सांगतच नाही. शब्दकोशात टीझ म्हणजे चिडवणं, खिजवणं असं सापडेल, पण इथे त्याचा अर्थ खुणावणं असा आहे. लांबून बोट हलवून बोलवायचं, जवळ गेलं की काही सांगायचं नाही.

एका मित्रानं वानगी सुचवली. शब्द मला फार आवडतो. मार्केट यार्डात भुसार बाजारात गेलात तर व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसतो, ती बाहेर काढून चार दाणे तुमच्या तळहातावर ओततो. तुम्ही ते चोळता, फुंकर मारता, एखादा दाणा दाताखाली धरता. ती वानगी. ‘वानगीदाखल’ म्हणतो आपण, तो हाच शब्द. पण वानगीत एक वचन असतं: जे तळहातावर आहे तेच पोत्यात आहे. टीझर असं वचन देत नाही. ‘अवतार’वाल्याच दिग्दर्शकाचं, जेम्स कॅमेरूनचं उदाहरण घ्या. त्याच्या ‘टर्मिनेटर’चा पहिला भाग १९८४ चा, दुसरा १९९१ चा. दुसऱ्या भागाच्या टीझरमध्ये एका कारखान्यात यंत्रमानव जोडला जातो आणि शेवटी त्याला नायकाचा, म्हणजे श्वार्झनेगरचा चेहरा मिळतो. हा प्रसंग चित्रपटात नाहीच. चित्रपटातले यंत्रमानव घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टन यांनी तो फक्त टीझरसाठी वेगळा चित्रित केला होता. म्हणजे तळहातावरचे दाणे त्या पोत्यातले नव्हतेच, तरी ते बघून लोक थिएटरात गेले आणि तृप्त होऊन परतले. त्याला वानगी म्हणणं मला जमत नाही.

म्हणून माझं मत चुणूक या शब्दाला. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत एखादी मुलगी तीन मिनिटांच्या भूमिकेत चुणूक दाखवते. नवा गायक पहिल्या आलापीत चुणूक दाखवतो. चुणूक म्हणजे मालाचा नमुना नव्हे, अंगात काय आहे याची खूण. ती दिसली की बघणाऱ्याची खात्री पटते आणि भूक वाढते. टीझरचं कामही नेमकं हेच. त्या दीड मिनिटात कथा कळली नाही, पण तेरा वर्षांनंतरही या लोकांचा हात तसाच आहे, किंबहुना पाणी आता जास्त चांगलं जमतंय, एवढं कळलं. तेव्हा ट्रेलर म्हणजे झलक आणि टीझर म्हणजे चुणूक अशी वाटणी करावी असं मी सुचवतो. ‘पुढच्या भागाची चुणूक बघितलीस का?’ म्हणून बघा, जिभेला अजिबात जड जात नाही.

आता सीक्वेल. परीक्षणांमध्ये ‘उत्तरार्ध’ वाचलं की मला खटकतं. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे एकाच वस्तूचे दोन अर्धे. एक सबंध नाटक मध्यंतरानं दुभागलं जातं, तिथे हे शब्द शोभतात. पहिला ‘अवतार’ अर्धवट नव्हता, तो आपल्या जागी पुरा होता. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये तिसराही आला, मग अर्धे किती करणार? उत्तर हा शब्द मात्र टाकाऊ नाही. संस्कृत नाटककार भवभूतीनं रामाच्या आधीच्या आयुष्यावर ‘महावीरचरित’ लिहिलं आणि नंतरच्या आयुष्यावर ‘उत्तररामचरित’. म्हणजे आठव्या शतकातलं हे सरळसरळ पुढच्या भागाचं उदाहरण आहे, आणि त्या नाटकाची थोरवी पहिल्यापेक्षा जास्त मानली जाते. त्याच धर्तीवर ‘उत्तरकथा’ लिहिण्यात चालेल. बोलताना ‘पुढचा भाग’ पुरे. त्या काकांनी “पुढचा भाग का रे हा?” असं विचारलं असतं तरी मुलाला तितकंच कळलं असतं. ‘उत्तरचित्रपट’ मात्र नको. उत्तरक्रियेची आठवण येते.

आणि या चित्रपटाचं नाव तर आपल्याकडूनच गेलेलं. अव म्हणजे खाली, तॄ म्हणजे उतरणं, पार होणं. वरून खाली येऊन देह धारण करणं म्हणजे अवतार. चित्रपटात माणसाचं मन दुसऱ्या देहात उतरतं, त्यामुळे शब्द चपखल बसला आहे. पण मराठीनं या शब्दाला पुढे काय काय करायला लावलं आहे! केस विस्कटून आलेल्या पोराला आई म्हणते, “काय हा अवतार!” माणूस गेला की त्यानं अवतार संपवला. देवाच्या उतरण्यापासून विस्कटलेल्या केसांपर्यंत एकच शब्द इतका सहज चालत आला. भाचीच्या मैत्रिणी टीझर बघून “नवा अवतार भारी आहे” असं म्हणत होत्या, तेव्हा चित्रपटाचं नाव कुठे संपतं आणि मराठी शब्द कुठे सुरू होतो ते सांगता आलं नसतं.

गूजबम्प्सवर मी सगळ्यात जास्त विचार केला. शब्दशः बघितलं तर पिसं काढलेल्या हंसाची कातडी. आपल्याकडे तीन शब्द आहेत आणि तिन्हींची जात वेगळी. काटा मुळात भीतीचा: अपघाताची बातमी वाचून अंगावर काटा येतो. शहारा झटकन येतो आणि झटकन जातो, पहाटे सिंहगडावर वारा लागला की येतो तो. रोमांच आनंदाचा आणि भक्तीचा. अष्टसात्त्विक भावांत त्याची गणना आहे, स्तंभ, स्वेद, अश्रू यांच्याबरोबर. हल्ली आपण सगळीकडे काटाच वापरतो, राष्ट्रगीत ऐकूनही काटा आणि भूतपट बघूनही काटा. वापर बदलतो हे मला मान्य आहे. पण त्या संध्याकाळी थिएटरमध्ये जे झालं ते मी आठवून बघतो, तेव्हा क्रम स्पष्ट दिसतो. आधी सगळे थिजले, तो स्तंभ. मग भाचीचा तो हात, तो रोमांच. भीतीचा त्यात लवलेश नव्हता. तेरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं.

वाट पाहणं यावरही एक गोष्ट सांगायचीच आहे. बातम्यांत ‘बहुप्रतीक्षित’ हा शब्द ठरलेला असतो. व्याकरणात त्यात चूक नाही, पण घरात कुणी तो बोलत नाही. आपण वाट पाहतो, म्हणजे ज्या रस्त्यानं कुणी यायचं आहे त्या रस्त्याकडे डोळे लावतो. ‘तेरा वर्षं वाट पाहायला लावलेला चित्रपट’ असं लिहिलं तर अक्षरं वाढतील, पण वाचणाऱ्याला तो रस्ता दिसेल.

नवे शब्द रुजतात कसे, याचं उत्तर पुण्यात राहणाऱ्याला वेगळं शोधावं लागत नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी टोपणनावानं कथा पाठवली होती, तिचं नाव ‘कृष्णविवर’. आज शाळेतली मुलं ब्लॅक होलइतक्याच सहजपणे कृष्णविवर म्हणतात, कारण तो शब्द त्यांना पुस्तकांतून, गोष्टींतून भेटत राहिला. चुणूक तर आधीपासूनच बोलण्यात आहे. तिला फक्त या नव्या जागी बसवायचं आहे.

तुमच्याकडे, विशेषतः विदर्भात आणि कोकणात, चुणूक याच अर्थानं वापरतात का? आणि शेतातलं पहिलं पीक ओळखीच्या घरी चाखायला देतात तो ‘वानवळा’ टीझरच्या जवळ जातो असं कुणाला वाटतं का? मला तो भेटवस्तूकडे जास्त झुकलेला वाटतो, पण खेड्यात वाढलेल्यांनी त्यांच्या घरातला वापर सांगितला तर फार बरं होईल.