कापसाच्या ओलाव्याची सरासरी काढावी की कच्चे आकडेच बरे?

पराटीवाला
यंदा ओलावा मोजायचं मीटर घेतलं. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत ओलाव्याप्रमाणे कपात आणि १२ च्या वर गाडी परत, हे आपल्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. म्हणून घरातल्या गंजीत रोज पाच ठिकाणी मीटर खुपसतो आणि आकडे मोबाइलवरच्या शीटमध्ये भरतो. आलेख काढला तर नुसते करवतीचे दाते! मग अ‍ॅव्हरेजइफ हे शीटमधलं सूत्र लावून तारखेवार सरासरी काढली. हळूहळू खाली उतरणारी एकच रेष आली, गाडी कधी भरायची ते एका नजरेत कळतं. माझं मत, कच्चे आकडे आलेखात दाखवूच नयेत.

खारपाणपट्टा
भाऊ, कालचे पाच आकडे टाका बरं.

पराटीवाला
९.२, ९.४, ९.१, ९.३, १३.८. सरासरी १०.१६.

खारपाणपट्टा
म्हणजे रेष म्हणते १०, चला गाडी भरा. आणि खरेदी केंद्रावर कापूस तपासणाऱ्या ग्रेडरचा हात नेमका त्या १३.८ वर पडला तर? तो तुमच्या शीटमध्ये हात घालत नाही, कापसात घालतो. करवतीचा तो दाताच तर कामाचा होता, तुम्ही तोच घासून टाकला.

वर्धाकाठ
सरासरीला एवढं झोडपू नका. एकाच जागी चारदा मीटर लावा, चारदा वेगळा आकडा येईल. ती मीटरची थरथर. चार आकड्यांच्या सरासरीत ती निम्म्यावर येते, नऊ घेतले तर तिसऱ्या हिश्श्यावर. पण गंजीच्या पाच जागा म्हणजे पाच वेगळे ओलावे. तिथं सरासरी काढली की थरथर नाही, ओल लपते.

दुसरं म्हणजे, मीटर बंद पडलं तर शीटमधलं त्या आकड्याचं घर रिकामं ठेवा, शून्य भरू नका. माझ्या पुतण्यानं ९.२, ९.४, ०, ९.३ असं भरलं आणि सरासरी आली ६.९८. सगळे खूश! रिकामं घर शीट मोजतच नाही, ते ठेवलं असतं तर ९.३ आली असती.

सातपुडा_पायथा
मग मध्यक घ्या ना, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावले की बरोबर मधला येतो तो. एखाद्या वेड्यावाकड्या आकड्यानं तो हलत नाही.

खारपाणपट्टा
ताई, इथं मध्यक ९.३ येतो. सरासरीनं त्या ओल्या कोपऱ्याची थोडी तरी लाज राखली होती, मध्यकानं तो पार पुसला. आकडा वेडावाकडा आहे हे ठरवलं कोणी? मीटरनं की आपल्या घाईनं?

आबाजीचा_नातू
काहून एवढी माथापच्ची? आमचे आबाजी सरकी दाताखाली धरतात. कट् वाजली का कापूस वाळला.

वर्धाकाठ
आबाजी किती जागची सरकी चावतात तेही विचारून ठेव.

पराटीवाला
सरासरी मी काढणारच, रोजचा कल तिच्याशिवाय दिसत नाही. पण कच्चे आकडे दाखवूच नयेत हे मागे घेतो. आत्ताच त्या-त्या दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा लाल ठिपक्यानं वर लावून पाहिला. रेष १० कडं उतरतेय आणि ठिपका तीन दिवसांपासून १३ च्या खाली यायला तयार नाही. तिन्ही दिवस जागा तीच, भिंतीकडचा खालचा थर. मी मीटरलाच शिव्या देत होतो. उद्या तेवढा कापूस अंगणात काढतो.